वादाला समोर माणूस हवा

भूक आणि झोप यांच्या जोडीने माणसाच्या ठायी आणखी एक ओढ उपजतच असावी, असे आम्हांस पुष्कळदा वाटते. ती ओढ म्हणजे वादाची. त्यातही घरच्या माणसाशी घातलेल्या वादापेक्षा परक्याशी घातलेल्या वादाची गोडी निराळी. घरच्या वादात जुनी उणीदुणी निघतात, मूळ मुद्दा बाजूला राहतो आणि शेवटी जेवणाची ताटे अबोल्यात वाढली जातात. परक्याशी वाद घालताना मागची बाकी नसते. आगगाडीच्या डब्यात, केशकर्तनालयाच्या बाकावर, बसस्थानकाजवळच्या हॉटेलात दोन अनोळखी माणसे तिसऱ्या मिनिटाला तावातावाने बोलू लागतात आणि आपापली गाडी आली की निघून जातात. एकमेकांचे नावही त्यांनी विचारलेले नसते.

या वादांचे विषयही ठरलेले. दूरदर्शनवरचे कार्यक्रम, खेळ आणि जगाचे राजकारण. थोडा विचार केला तर या तिन्ही विषयांत एक साम्य दिसते. फलंदाजाने चेंडू सोडावा की टोलवावा, मालिकेतल्या सुनेने घर सोडावे की सासूची समजूत घालावी, रशियाने सैन्य मागे घ्यावे की न घ्यावे, यांपैकी कशातही आमच्या सल्ल्यासाठी कोणी खोळंबलेले नाही. तरीही आपल्या शेताच्या बांधाविषयी जितक्या निष्ठेने बोलावे, तितक्याच निष्ठेने माणसे या गोष्टींविषयी बोलतात. आमचे काही विद्वान स्नेही याला रिकामटेकडेपणा म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. आमच्या गावाचा अनुभव तरी वेगळे सांगतो.

खटकचिंचोळी हे आमचे गाव बीदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यात आहे. इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा तंजावर येथील मराठी वाचकांचे पूर्वज कधी काळी घर सोडून परमुलखात गेले. आमचे पूर्वज कोठेच गेले नाहीत. ते आपल्या ओसरीवर बसलेले असतानाच राज्ये बदलली. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये निजामाचे राज्य गेले आणि हैदराबाद संस्थान भारतात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे पडले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेडकडचा भाग आंध्रात गेला, आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आला. आमच्या आजीचे माहेर उदगीरकडचे. ती सांगे की, लग्नात ती एका गावाहून दुसऱ्या गावाला आली होती आणि पुढे एका रात्रीत तिचे माहेर परराज्यात गेले. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला, आणि २००४ साली महाराष्ट्र शासन हा वाद घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. हा इतिहास सीमाभागातल्या माणसाला सांगावा लागत नाही. दुकानावरची पाटी, शाळेचे माध्यम, तलाठ्याने दिलेला कागद यांतून तो रोज त्याच्यासमोर येत असतो.

अशा गावात घरी मराठी, बाजारात कन्नड आणि शेजारी दखनी उर्दू अशी तीन भाषांची वस्ती एका पारावर बसते. तिने बोलावे तरी कशाविषयी? भाषेविषयी बोलावे तर जखमेवरची खपली निघते. जमिनीविषयी बोलावे तर भाऊबंदकी उठते. धर्माविषयी बोलावे तर १९४८ सालच्या आठवणी जाग्या होतात, आणि त्या कोणाच्याच सुखाच्या नाहीत. आमची अशी समजूत आहे की, आमच्या वडील पिढीने फारसा विचार न करता, नुसत्या शहाणपणाच्या अंगवळणाने, एक वाट शोधून काढली. जवळचे सारे विषय बाजूला ठेवायचे आणि दूरचे विषय घेऊन कडाकडा भांडायचे. वादाची हौस भागते, घसा मोकळा होतो, आणि उद्या सकाळी बैलाला औषध मागायला त्याच माणसाच्या दारी जाता येते.

याचे सर्वांत नामी उदाहरण क्रिकेटचे. आमच्या बालपणी पारावर एक ट्रान्झिस्टर असे आणि त्याभोवती दोन पक्ष असत. एक गावसकरांचा आणि दुसरा विश्वनाथांचा. मराठी बोलणारे बहुतेक पहिल्या पक्षात आणि कन्नड बोलणारे बहुतेक दुसऱ्या पक्षात, हे वेगळे सांगायला नको. मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे रणजी करंडक आपल्याकडे ठेवला होता. १ नोव्हेंबर १९७३ रोजी म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले, आणि त्याच हंगामात बंगळूरच्या उपान्त्य सामन्यात विश्वनाथ आणि ब्रिजेश पटेल यांनी शतके ठोकली. कर्नाटकाने पहिल्या डावाच्या आघाडीवर मुंबईला बाहेर काढले आणि पुढे राजस्थानला हरवून करंडकही नेला. आम्ही तेव्हा अगदी लहान होतो, पण या सामन्याची कथा आम्ही पुढे दहा वर्षे दोन्ही बाजूंनी ऐकली. एका बाजूच्या कथेत मुंबईचे दैव फिरले होते आणि दुसऱ्या बाजूच्या कथेत प्रसन्नाची फिरकी फिरली होती.

१९८१-८२ च्या हंगामात पुन्हा हीच गाठ पडली. बंगळूरच्या खेळपट्टीवर रघुराम भट यांचा चेंडू हातभर वळत होता. तेव्हा गावसकरांनी चक्क डाव्या हाताने फलंदाजी केली. त्यावर आमच्या पारावर जो वाद झाला, तो दोन उन्हाळे पुरला. ही चतुराई की शरणागती, असा प्रश्न होता. एका दुकानदार अप्पांचे म्हणणे असे की, ज्याला उजव्या हाताने खेळता येईना तो हरलाच. आमचे एक चुलते त्यावर उसळून म्हणत, “अहो अप्पा, तुमच्या भटाला खेळायला आमच्या माणसाला एकच हात पुरेना, हे तुमचे कौतुक की आमचे?” आणि सारा पार हसे. या भांडणाची खरी गंमत अशी की, गावसकरांची सख्खी बहीण विश्वनाथांना दिलेली. ज्यांच्या नावाने आम्ही दोन तट पाडले होते, ते दोघे मेहुणे-मेहुणे होते. ही गोष्ट पारावर सर्वांना ठाऊक होती आणि वाद फार तापला की कोणीतरी ती हळूच काढी. “सोयऱ्यांचे भांडण आहे, आपण कशाला मध्ये पडावे,” एवढ्या वाक्यावर बैठक मोडे.

याच विश्वनाथांची आणखी एक गोष्ट आम्ही वर्गात नेहमी सांगतो. फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईला इंग्लंडविरुद्धचा सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना होता आणि विश्वनाथ भारताचे कर्णधार होते. इंग्लंडचा डाव कोसळत असताना पंचांनी बॉब टेलर यांना झेलबाद दिले. चेंडू बॅटीला लागलेला नाही, अशी विश्वनाथांची खात्री होती. त्यांनी पंचांना निर्णय मागे घेण्याची विनंती केली आणि टेलर यांना परत बोलावले. टेलर आणि बोथम यांनी मग १७१ धावांची भागी केली आणि भारत दहा गडी राखून हरला. ‘या भल्या माणसाने सामना घालवला’ असे म्हणणारे आमच्या पारावरही होते. परंतु त्या दिवसापासून गावसकर पक्षातले कोणी विश्वनाथांविषयी वावगे बोलले नाही. कौल आपल्या बाजूचा असतानाही जो प्रतिपक्षाला परत बोलावतो, त्याचा पराभव झाला तरी त्याची पत वाढते, हे अडाणी माणसालाही कळले होते.

दूरदर्शनची कथा याच वळणाची. आमच्या शेजारच्या गुलबर्गा, म्हणजे आजच्या कलबुर्गी, जिल्ह्याचा दूरदर्शनशी संबंध पुष्कळ शहरांच्या आधी आला. अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या साहाय्याने १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शन दाखवण्याचा ‘साइट’ नावाचा मोठा प्रयोग झाला. कर्नाटकात त्यासाठी गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर हे जिल्हे निवडले होते. संच कोणा एकाच्या घरी नसे, तो गावाचा असे. शेतीची माहिती, आरोग्याची माहिती, थोडे गाणेबजावणे, आणि समोर जमिनीवर बसलेले गाव. पुढे १९७७ साली गुलबर्ग्याला दूरदर्शनचे केंद्र झाले. आमच्याकडे घरोघर संच यायला आणखी काळ लागला. २५ जानेवारी १९८७ रोजी ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हाही आमच्या आळीत एकच संच होता आणि रविवारी सकाळी त्या घराच्या पडवीत पाय ठेवायला जागा नसे. कैकेयीचा दोष किती आणि मंथरेचा किती, यावर बायकांमध्ये जी चर्चा होई, ती ऐकून आम्ही महाविद्यालयीन मुले थक्क होत असू. एका वृद्ध मुसलमान चाचींनी एकदा म्हटले, “बाप का वचन बेटे ने निभाया, मगर बाप ने बेटे का सोचा क्या?” तो प्रश्न आम्ही पुढे एम. ए. च्या वर्गातही इतक्या नेमकेपणाने मांडलेला ऐकला नाही. कार्यक्रम एक, पाहणारे एकत्र, आणि वाद घालणाऱ्याचा चेहरा हाताच्या अंतरावर, अशी ती रीत होती.

जगाच्या राजकारणाचेही तसेच. इराण आणि इराक यांचे युद्ध १९८० पासून आठ वर्षे चालले, आणि तितकी वर्षे ते आमच्या पारावरही चालले. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले, तेव्हा मात्र पारावरचा आवाज एकाएकी उतरला. कारण आखातात कामाला गेलेली माणसे आमच्या भागातही होती. एअर इंडियाच्या विमानांनी त्या काळात सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीयांना परत आणले. पारावर सद्दामचे चुकले की अमेरिकेचे, हा प्रश्न मागे पडला आणि ‘कोणाचा मुलगा कोठवर पोहोचला’ हा प्रश्न पुढे आला. अगदी अलीकडे, १ मार्च २०२२ रोजी, आपल्याच राज्यातल्या हावेरी जिल्ह्याचा एक वैद्यकीय विद्यार्थी युक्रेनमधील खारकीव्ह येथे मारला गेला. त्या संध्याकाळीही आम्ही हेच पाहिले. आदल्या दिवशी रशियाची बाजू हिरिरीने मांडणारे गृहस्थ त्या दिवशी एवढेच म्हणाले, “पोरगं शिकायला गेलं होतं.” समोरच्या पक्षाने त्यावर आपला डाव साधला नाही.

हे सारे इतक्या विस्ताराने लिहिण्याचे कारण असे की, हा पार आता ओस पडला आहे. वाद मात्र ओस पडलेला नाही. तो प्रत्येकाच्या खिशात जाऊन बसला आहे. आमच्या शाळेतला मुलगा आज घरच्या मोबाइलवर अशा माणसांशी वाद घालतो, ज्यांचा चेहरा त्याने पाहिलेला नाही, ज्यांचे खरे नाव त्याला ठाऊक नाही आणि ज्यांच्या दारी उद्या त्याला काही मागायला जायचे नाही. विषय तेच आहेत. परंतु पारावर जे दूरचे विषय जवळचे तंटे टाळण्यासाठी होते, तेच आता जवळच्या तंट्याचे दार झाले आहेत. क्रिकेटपासून निघालेला वाद पाचव्या वाक्याला भाषेवर येतो आणि सातव्या वाक्याला आईबहिणीवर.

आमच्या दहावीच्या वर्गातल्या एका मुलाची हकीकत सांगतो. तो मुंबईच्या संघाचा भक्त. एका सामन्यानंतर त्याने कोठेतरी मराठीत दोन ओळी लिहिल्या. कोणी अनोळखी माणसाने कन्नडमध्ये उत्तर दिले की, कर्नाटकात राहून मुंबईचे गुण गाणाऱ्यांनी महाराष्ट्रात चालते व्हावे. मुलाला कन्नड उत्तम येते. त्याने त्या गृहस्थांना कन्नडमध्येच उत्तर लिहिले. ते पाहून दुसऱ्या एका अनोळखी मराठी माणसाने लिहिले की, कानडीत लिहिणारा तू कसला मराठी, तू तिकडचाच. पंधरा वर्षांच्या त्या मुलाला एका घटकेत दोन राज्यांनी हद्दपार केले. दुसऱ्या दिवशी तो मधल्या सुटीत आमच्या खोलीच्या दाराशी उभा राहिला आणि त्याने विचारले, “सर, मग आपण नेमके कुठले?”

आम्ही तीस वर्षे शिकवत आहोत. या प्रश्नाइतका अवघड प्रश्न आम्हांस कोणत्या परीक्षेत आला नव्हता. आम्ही त्याला एवढेच म्हणालो, “बाळ, ज्याने तुझे घर पाहिलेले नाही, त्याने तुझा पत्ता ठरवायचा नाही.” त्याचे समाधान झाले की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. आमचे मात्र झाले नाही.

२०२५ च्या जून महिन्यातली गोष्ट वाचकांच्या स्मरणात असेल. बंगळूरच्या संघाने ३ जून रोजी अठराव्या हंगामात प्रथमच आयपीएलचा करंडक जिंकला. दुसऱ्या दिवशी बंगळूरच्या चिन्नस्वामी मैदानाबाहेर स्वागतासाठी लोटलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ११ जण मृत्युमुखी पडले. त्या संध्याकाळी बसस्थानकाजवळच्या हॉटेलात बसलेली चार म्हातारी माणसे गप्प होती. ‘कोणाची पोरे होती?’ एवढेच एकाने विचारले. त्याच वेळी बाजूच्या बाकावरची आमची दोन तरुण मुले आपापल्या मोबाइलवर, दूरच्या कोणा अनोळखी माणसांशी, या मृत्यूंवरून एकमेकांच्या संघाची अब्रू काढण्यात गढून गेली होती. ही मुले दुष्ट नाहीत. त्यांपैकी एकाने पुरात अडकलेल्या परक्या म्हशी स्वतःच्या जिवावर उदार होऊन सोडवल्या आहेत. परंतु म्हैस त्याच्या डोळ्यांसमोर होती. मोबाइलच्या पलीकडचा माणूस डोळ्यांसमोर नव्हता.

परक्याशी वाद घालण्याची विद्या आपल्या परंपरेत नव्हती असे नाही. न्यायशास्त्राने तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वाचा शोध घेण्यासाठी दोघांनी मिळून करावयाचा तो वाद. केवळ जिंकण्यासाठी करावयाचा तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची मोडत सुटणे ती वितंडा. आज मराठीत आपण ‘वितंडवाद’ असा एकच शब्द करून टाकला आहे, हेही सूचक आहे. आमच्याच जिल्ह्यातले बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी होती. तेथे सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वरांनी ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. मुलाला वडिलार्जित मालमत्तेत जन्मतःच हक्क असतो की नाही, या प्रश्नावर ते आधी विरुद्ध बाजूचे म्हणणे सविस्तर मांडतात आणि मगच आपला सिद्धान्त सांगतात. बंगालच्या जीमूतवाहनांनी ‘दायभाग’ ग्रंथात नेमके उलट मत मांडले. कल्याण कोठे आणि बंगाल कोठे! या दोन परस्परविरुद्ध मतांवर पुढे शतकानुशतके लाखो कुटुंबांच्या वाटण्या झाल्या. न पाहिलेल्या माणसाशीही सभ्यपणे मतभेद करता येतो, याचा याहून मोठा दाखला आम्हांस ठाऊक नाही. मराठीपुरते पाहिले तर १८५७ सालच्या पूर्वार्धात विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर ख्रिस्ती मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले. विषय खेळाचा किंवा करमणुकीचा नव्हता, साक्षात धर्माचा होता. तरी प्रश्न विचारला जाई, उत्तर ऐकले जाई, आणि त्याचा वृत्तान्त पुढे ग्रंथरूपाने निघाला. ज्याचे बोलणे खोडायचे, त्याचे बोलणे आधी पुरते ऐकायचे, ही या सर्वांची रीत.

तीच रीत आम्ही शनिवारच्या सकाळच्या शाळेत लावून पाहत आहोत. शेजारच्या कन्नड माध्यमाच्या वर्गातली मुलेही आम्ही त्या तासाला बोलावतो. विषय मुलांनीच सुचवायचा. अर्थातच क्रिकेट, मालिका आणि युद्ध हेच विषय येतात. नियम एकच. आपली बाजू मांडण्याआधी प्रत्येकाने समोरच्याची बाजू अशी मांडायची की, समोरच्याने मान डोलावून ‘होय, हेच माझे म्हणणे’ असे कबूल केले पाहिजे. तो ‘होय’ म्हणेपर्यंत आपल्याला बोलता येणार नाही. पहिले दोन शनिवार नुसता गोंधळ झाला. समोरच्याची बाजू मांडताना मुले ती मुद्दाम वेडीवाकडी करीत आणि समोरचा ‘होय’ म्हणत नसे. तिसऱ्या शनिवारी मुंबईभक्त असलेल्या आमच्या त्या मुलाच्या वाट्याला बंगळूरची बाजू आली. तो बराच वेळ बोलला. त्याचे झाल्यावर समोरचा कन्नड मुलगा उभा राहिला. तो ‘होय’ म्हणेल अशी आमची अपेक्षा होती. तो मोडक्या मराठीत म्हणाला, “अजून एक मुद्दा राहिला आहे, मी सांगतो, तो पण घे.” आणि आपला राहिलेला मुद्दा त्याने प्रतिपक्षाच्या हवाली केला.

एवढ्याने जग सुधारणार नाही, हे आम्ही जाणतो. तास संपला की ही मुले घरी जातील आणि मोबाइल हाती घेतील. तो हातातून काढून घेण्याचा अधिकार आम्हांस नाही आणि तशी इच्छाही नाही. अनोळखी माणसाशी बोलावे, भांडावे, हे आम्हांस आजही आवडते. ज्याला परक्याशी वादच घालता येत नाही, त्याचे जग आपल्या भावकीपुरते उरते, आणि सीमेवरच्या माणसाला तर ते मुळीच परवडत नाही. एवढेच व्हावे की, उत्तराची ओळ लिहिण्याआधी त्या न दिसणाऱ्या माणसाला क्षणभर आपल्या पारावर आणून बसवावे, त्याच्या हाती चहाचा पेला द्यावा आणि मग जे बोलायचे ते बोलावे. परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्या मराठी घरांना ही गोष्ट नवी नसावी. शेजाऱ्याची भाषा शिकून त्याच्याशी त्याच्याच भाषेत भांडत भांडत तर आपण इतकी वर्षे त्याच्या शेजारी राहिलो आहोत.